प्रार्थना न केलेले वाटाणे

विज्ञान आणि धर्म यांच्यात मुळात भांडण नाहीच. असलंच तर ते वर्गखोल्यांवरून आहे. आमच्या धर्मविद्यालयात विज्ञान हा विषय सक्तीचा झाला तेव्हा तत्त्वाचा प्रश्न कुणीच काढला नाही. प्रयोगशाळेला जागा कुठली द्यायची यावर मात्र सभांमागून सभा झाल्या. शेवटी चपला ठेवायची खोली सर्वानुमते विज्ञानाला बहाल करण्यात आली. (चपला आता व्हरांड्यात असतात आणि चोरीला जातात. प्रगती म्हटली की थोडं सोसावं लागतं.)

मी या संस्थेचा कार्यवाह. विषय शिकवायला योग्य उमेदवाराचा कसून शोध घेण्यात आला आणि ती माझीच भाची निघाली. याला कुणी वशिला म्हणेल. पण अर्ज एकच आला होता, आणि तोही मीच करायला लावला होता, तेव्हा स्पर्धा अगदी निकोप झाली. पोरगी हुशार, पण आजवर नुसत्या हंगामी नोकऱ्या. दर सुट्टीनंतर नवी शाळा, नवा फळा. माझ्या ताईनं तिच्या काळजीनं अंथरूण धरायचं तेवढं बाकी होतं. इथे तिला वर्षभरानं कायम करायचं ठरलं. अट एकच : वर्षाअखेरीस तपासणी मंडळासमोर धर्म आणि विज्ञान यांचा संगम दाखवणारा एक प्रयोग यशस्वी व्हावा.

आमच्याकडची प्रयोगाची पद्धत काटेकोर आहे. इतरत्र आधी प्रयोग करतात आणि मग काय निष्कर्ष निघतोय याची वाट बघत बसतात. त्यात वेळ जातो आणि जीव टांगणीला लागतो. आम्ही निष्कर्ष आधी मंजूर करून घेतो. यंदाचा निष्कर्ष ‘प्रार्थनेनं रोपं वाढतात’ असा होता. थोरल्या आचार्यांनी तो सुचवला, उपआचार्यांनी अनुमोदन दिलं, विरोधी मत कुणाचंच पडलं नाही (वाटाण्यांना मताधिकार नाही).

भाचीनं दोन कुंड्यांत सारखेच वाटाणे पेरले. पहिल्या कुंडीसाठी विद्यार्थ्यांनी रोज प्रार्थना करायची, दुसरीसाठी करायची नाही. ‘नाही’ म्हटल्याबरोबर वर्गात कुजबुज सुरू झाली. कुणाला असं मुद्दाम वगळायचं शिक्षण आमच्या विद्यार्थ्यांना मिळालेलं नाही. म्हणजे मिळालंय, पण ते माणसांच्या बाबतीत.

महिन्याभरात दोन्ही कुंड्या सारख्याच तरारल्या. भाची खूश. मी कपाळावर हात मारला.

“अगं, निष्कर्षाचं काय?”

“हाच निष्कर्ष, मामा. फरक नाही.”

“संस्थेत मला मामा म्हणू नकोस. आणि फरक नाही असंही म्हणू नकोस.”

तेवढ्यात वर्गातला सगळ्यात जाडजूड विद्यार्थी, जो पुढे मोठा प्रवचनकार होणार असं सगळे म्हणतात, तो हुंदके देत उभा राहिला. “बाई, मी दुसऱ्या कुंडीसाठीपण करत होतो. गुपचूप. तिचं हो काय चुकलं होतं?” मागून एकेक हात वर झाला. अख्खा वर्ग! भाची रागवायचं सोडून हसत सुटली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. थोरल्या आचार्यांना तर आनंदाचं भरतं आलं. एका प्रार्थनेच्या जागी दोन लागू पडल्या होत्या.

“मग तुलना कशाशी करायची?” भाची म्हणाली. “जिच्यासाठी कुणीच प्रार्थना करणार नाही, अशी तिसरी कुंडी हवी.”

म्हणजे ती सांभाळायला देव न मानणारा माणूस हवा. शोध घेतला. न मानणारे पुष्कळ निघाले, पण दुखणं आलं की त्यातले शंभरात नव्व्याण्णव मानतात असं चौकशीत आढळलं (उरलेल्या एकाची प्रकृती ठणठणीत होती). तो एकटा म्हणजे नळदुरुस्तीवाला. त्याला कुंडी, खिडकीची वेगळी खोली आणि कुलूप देण्यात आलं. विद्यार्थ्यांना तिकडे फिरकायचीही बंदी झाली. मी अधूनमधून दाराशी जाऊन विचारायचो, “केली नाहीत ना?”

“देवाशपथ नाही!” तो म्हणायचा. (उत्तराचा पहिला शब्द मी अहवालात घेतला नाही.)

तिसऱ्या कुंडीतले वाटाणे उगवले, पिवळे पडले आणि मेले.

काय तो जल्लोष! मेलेली रोपं बघून माणसं एकमेकांना मिठ्या मारतायत, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. तपासणी मंडळ सभागृहात आलं, चहा झाला, माना डोलल्या. आता निष्कर्षाखाली विज्ञानशिक्षिकेची सही तेवढी राहिली होती. भाचीनं पेन उघडलं आणि नळवाल्याकडे वळून विचारलं, “दादा, हिला पाणी घालत होतात ना?”

“पाणी?” तो म्हणाला. “मला प्रार्थना करायची नाही, एवढंच सांगितलं होतं. ती मी एकही दिवस केली नाही. पाण्याचं कोण बोललं?”

मंडळाचे अध्यक्ष रिकाम्या कपातला चहा पिऊ लागले. थोरले आचार्य शांतपणे म्हणाले, “बाई, पाणी अभ्यासक्रमात नाही.”

मी तिला बाजूला घेतलं. “अगं, एका सहीचा प्रश्न आहे. आईकडे बघ. कायम होशील, सुटशील एकदाची.”

“मामा, मुलं बघतायत,” ती म्हणाली, आणि पेन मिटून माझ्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी तिला निरोप दिला. वर्ग ढसाढसा रडला. ताईनं माझ्याशी बोलणं टाकलंय. मलाही वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. पण संस्था अशा वाटण्यावर चालत नसतात. प्रयोग यशस्वी ठरला. सही उपआचार्यांनी केली (त्यांना लहानपणी शाळेत विज्ञान होतं).

तर वाचकहो, जागा रिकामी आहे. तिसरी कुंडी मेली हे वाचताना पाण्याचा प्रश्न तुमच्या मनात आला नसेल, तर जरूर अर्ज करा. हंगामी नेमणूक नक्की. मनात आला, पण आमच्या सभागृहात असतात तर चारचौघांत कशाला विचारा म्हणून गप्प बसला असतात, असं असेल तर अर्जाची तसदी घेऊ नका. तुम्हाला आम्ही केव्हाच कायम केलंय.