अध्यक्षांच्या पायाचा ठेका

प्रयोगशाळा तपासायला आलेली समिती वेळेआधीच दारात उभी राहिली आणि अणुताईंनी घाईघाईने खुर्च्या मांडल्या. कित्येक महिने ताई एका यंत्राने थंडगार अणूंच्या एका इवल्या ढगाला ठेक्यात हलवत होत्या. ठेका अचूक जमला की त्यातून कणांची जोडी निघते, दोघे दोन दिशांना पळतात, आणि तरी एकमेकांत असे गुंतलेले राहतात की एकाला विचारावं नि दुसऱ्याचं उत्तर कळावं. निदान पुस्तकात तरी. ताईंच्या पडद्यावर आजवर एकही जोडी फिरकली नव्हती, आणि आज फिरकली नाही तर ही प्रयोगशाळा मोडक्या खुर्च्या ठेवायला जाणार होती.

अध्यक्ष यंत्राच्या टेबलाला गुडघा टेकवून बसले. ताईंनी सिद्धान्त सांगायला घेतला. ताईंचा सिद्धान्त ऐकून भल्याभल्यांना जांभया येत. खजिनदारांनी डोळे मिटले, अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

आणि पडद्यावर दोन ठिपके उमटले! एक डावीकडे, एक उजवीकडे. मग आणखी दोन, मग रांगच लागली.

"अहो, जोड्या!" ताई किंचाळल्या.

"वा! वा!" अध्यक्षांनी टाळ्या पिटल्या.

ताईंचं लक्ष ढग हलवायच्या बटणाकडे गेलं. बटण बंदच होतं. गप्प बसावं, असं त्यांना क्षणभर अगदी मनापासून वाटलं. मग त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. टेबलाला टेकलेला अध्यक्षांचा उजवा पाय थडथड हलत होता.

"साहेब, पाय जरा थांबवता?"

पाय थांबला. ठिपकेही थांबले.

"म्हणजे हे मी करतोय?" अध्यक्षांचा चेहरा फुलला. "पाय हलवतो म्हणून आधी आई ओरडायची, आता बायको ओरडते. थांबा, फोनच लावतो तिला! अगं, माझ्या पायावर विज्ञान चाललंय!"

"मग तिथेच चालवा," पलीकडून आवाज आला. "घरी आलात की गप्प बसायचं."

दचकून जागे झालेले खजिनदार म्हणाले, "मी काहीच पाहिलं नाही. पाहिल्याशिवाय निधीवर सही करणार नाही."

"आत्ता दाखवतो!" अध्यक्ष उत्साहाने सरसावले. पाय हलवला, पण ठेका काही जमेना. पुन्हा हलवला. पडदा कोरा. आनंदाच्या भरात त्यांचा पाय बिथरला होता; त्याला सवय कंटाळ्याची.

ताईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी घसा खाकरला. "तर, सिद्धान्त पुन्हा पहिल्यापासून पाहू."

थोड्याच वेळात अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. पडद्यावर दोन ठिपके उमटले, आणि ताईंनी खजिनदारांना गदागदा हलवून जागं केलं.