बंद केलेलं तूप

खैरनार सरांना चातुर्मास फार आवडायचा. त्याचं कारण सुवर्णाताईंचं मौनभोजन. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत ताई एकदा पानावर बसल्या की शेवटचा घास संपेपर्यंत शब्द नाही आणि पानावरून उठणंही नाही. बोललं किंवा उठलं की व्रत मोडलं. सर कॉलेजात माध्यमशास्त्र शिकवायचे, पण मधे कुणी न तोडता अख्खं वाक्य बोलायला मिळायचं ते फक्त या दिवसांत, आपल्याच स्वयंपाकघरात.

यंदाचं व्रत संपत आलं होतं. परवा उद्यापन. मौनभोजनाच्या उद्यापनाला देवाला घंटा वाहायची असते, इतके दिवस गिळलेला आवाज त्याच्या पायाशी पोचता करायचा म्हणून. ताईंनी भांडी बाजारातून पितळी घंटा आणली होती. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या देवळात ती बांधायची, एवढंच त्यांच्या मनात घोळत होतं.

सरांच्या मनात मात्र प्राचार्य गुंजाळ घोळत होते. कॉलेजात नवं माध्यम केंद्र निघणार होतं आणि त्याचं प्रमुखपद कुणाला द्यायचं हे प्राचार्य ठरवणार होते. दर रविवारी सर मोबाईलवरून लाइव्ह बोलायचे, घराबद्दल, संस्कृतीबद्दल, सुचेल ते. एरवी ऐकणारे म्हणजे त्यांची विद्यार्थिनी स्नेहा, समोरच्या फ्लॅटमधल्या मासूमाभाभी आणि कळवणचा चुलतभाऊ मल्हारी. आज प्राचार्य ऐकणार होते.

विषय होता, ‘जेवताना आपण कुणाशी बोलतो?’ वातावरण यावं म्हणून सरांनी मोबाईल ओट्यावर, लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला आणि पाटावर बसून भाषण ठोकलं. शेवटी म्हणाले, “आमच्या घरी ताटापुढे मोबाईलचा पडदा चालत नाही. नमस्कार!”

ताई पानं वाढून बसल्या. सरांनी वरणाच्या वाफेनं धूसर झालेला चष्मा काढून खिडकीत ठेवला आणि मोबाईलवर बोट टेकवलं. मोबाईलनं विचारलं, नक्की संपवायचं? चष्म्याविना सरांना दोन्ही बटणं सारखीच. त्यांनी जवळचं दाबलं आणि पाटावर येऊन बसले.

ताईंनी चित्राहुती घातल्या, पहिला घास घेतला आणि समोर पाहिलं. मोबाईलच्या पडद्यावर त्या स्वतः दिसत होत्या. शेजारी सर. कोपऱ्यात तांबडा ठिपका, आणि खालून पसंतीचे बदाम वर चढत होते.

“झालं बुवा एकदाचं!” सरांनी भात कालवला. “गुंजाळ सर ऐकत होते म्हणून घसा कोरडा पडला. अगं, गणपतीत त्यांनी ते ‘मोबाईल आणि संस्कार’ भाषण केलं ना, ते कुणी लिहिलं होतं? मी! शब्दन् शब्द माझा.”

ताईंनी डोळे मोठे केले आणि ओठांवर बोट ठेवलं.

“माहितेय गं, तुझं मौन आहे. मी कुठं तुला बोल म्हणतोय?”

ताईंनी मानेनं ओट्याकडे दाखवलं. एकदा, दोनदा.

“लोणचं होय!” सर उठले. ओट्याशी जाऊन त्यांनी बरणी सरकवली आणि मोबाईल भिंतीला टेकवला. क्षणभर अख्ख्या पडद्यावर त्यांचं फक्त नाक होतं. “चष्मा नसला की काही म्हणता काही दिसत नाही,” असं म्हणत ते बरणी घेऊन परत आले आणि त्यांनी ताईंच्या पानात लिंबाची फोड वाढली.

ताईंनी हवेत गोल काढला. तांबडा ठिपका.

“पापड? रात्री तळ. आत्ता उठलीस तर व्रत मोडेल.” सरांनी मोठ्या समजूतदारपणे मान हलवली. “तर मी काय सांगत होतो? भाषण मोबाईलवर टीका करणारं, आणि गुंजाळ सर स्वतः मधेमधे मोबाईलमध्ये डोकं घालून! मला हसू आवरेना.”

ताईंनी डावा हात कपाळाला लावला, मग काकुळतीनं नमस्कार केल्यासारखा पुढे धरला.

“अगदी असाच मीही त्यांच्यापुढे धरतो. नाइलाज आहे, केंद्र पाहिजे ना!”

खाली लोक लिहीत होते. मल्हारीनं लिहिलं, “वहिनी काय सांगी राहिनी, दादाले समजतच नही!” कुणी लिहिलं, हे नाटक फार छान बसवलंय. बघणारे वाढत चालले होते. देवघरात ताईंचा मोबाईल वाजायला लागला. स्नेहाचा फोन होता.

“वाजू दे,” सर म्हणाले. “लोकांना जेवणाची वेळ कळत नाही. म्हणे आमच्या घरी ताटापुढे पडदा चालत नाही! मी म्हटलं खरं, पण तू मौनात असलीस की मी मांडीवर मोबाईल ठेवून क्रिकेट बघतो, हे तुला काय माहीत नाही?”

ताईंनी शेजारच्या फडक्यावर घासून ठेवलेली उद्यापनाची घंटा डाव्या हातानं उचलली. देवा, तुझी आहे, तूच सांभाळ, असं मनात म्हणत जोरात वाजवली.

सर थांबले. कान देऊन ऐकलं. “वा! काय नाद आहे! आधी वाजवून बघितलीस हे उत्तम केलंस.”

आता उपाय उरला नाही. व्रत जाईल. परवा देवापुढे कुठल्या तोंडानं उभं राहायचं? पण नवऱ्याचं नाव चाललं होतं, तेही भर बाजारात. ताईंनी हातातला घास ताटात परत ठेवला, डोळे मिटून देवाची क्षमा मागितली आणि तोंड उघडलं.

“सुवर्णा,” सर म्हणाले, “एक सांगू?”

आवाज निराळाच होता. ताईंचं तोंड तसंच उघडं राहिलं.

“लोकांनी एकमेकांशी कसं बोलावं, हे मी जन्मभर शिकवतो. पण तू अशी पानापुढे बसलीस ना, की मला काही सुचत नाही. परवा भाजीत मीठच नव्हतं. तू मागितलं नाहीस. तोच घास, तोच शांत चेहरा, जशी काही अन्नाशीच बोलतेयस. मला गप्प बसवत नाही म्हणून मी बडबडतो. खरं म्हणजे मी तुझ्याकडे बघतच राहतो. देवळात गेल्यावर वाटतं तसं काहीतरी वाटतं. कधी सांगितलं नाही. तू बोलत असतीस तर आत्ताही सांगितलं नसतं.”

ओट्यावर बदामांचा पूर आला होता. ताईंनी तिकडे पाहिलं. मग सरांकडे पाहिलं. मग तोंड मिटलं, खाली ठेवलेला घास उचलला आणि शांतपणे जेवायला लागल्या. मधेच त्यांचा डावा हात तुपाच्या भांड्याकडे गेला.

दाराची बेल सलग वाजली. सर हात न धुताच धावले. दारात मासूमाभाभी, ओढणी सावरत, धापा टाकत.

“अहो सर, पहिले तो मोबाईल बंद करा! सगळं लाइव्ह चाललंय! आमचे हे तर रडायला लागलेत!”

सरांनी चष्मा शोधला, मोबाईल शोधला, उष्ट्या हातानंच तो उलटा पालटा करून बंद केला. “सुवर्णा! बोल ना काहीतरी! गेलं की केंद्र!”

ताईंचा ताकभात चालला होता.

देवघरातला मोबाईल पुन्हा वाजला. सरांनी उचलला. स्नेहाच होती. “सर, कॉलेजच्या ग्रुपवर प्राचार्यांचा मेसेज आलाय, वाचू? ‘मी मोबाईल बघत नव्हतो. खैरनारांनी पाठवलेलं भाषण मोबाईलमध्येच होतं, ते वाचत होतो. केंद्राचं बुधवारी बोलू. येताना उद्यापनाचा प्रसाद आणावा.’”

सर पाटावर येऊन बसले. ताईंनी शेवटचा घास घेतला, वर पाणी प्यायल्या, हात जोडले. व्रत आजच्यापुरतं पुरं झालं होतं.

“तू बोलली का नाहीस?”

“बोलणारच होते. घास खाली ठेवला होता मी. तेवढ्यात तुम्ही माझं नाव काढलंत.”

“अगं, पण सगळं जग ऐकत होतं!”

“ऐकू दे की. मीपण पहिल्यांदाच ऐकत होते.”

“आणि? तुला... म्हणजे, कसं वाटलं?”

ताई आपलं ताट घेऊन मोरीकडे गेल्या. सरांनी नाकावर चष्मा नीट बसवला आणि आपल्या ताटाकडे पाहिलं. भात तुपात बुडाला होता. डॉक्टरांनी तूप बंद केल्यापासून ताईंनी त्यांना थेंबभरही कधी वाढलं नव्हतं.

सर ताटाकडे बघत राहिले. मग एकही शब्द न बोलता त्यांनी भात कालवला आणि शेवटच्या शितापर्यंत गप्प बसून जेवले.