झाकणात उरलेला पेच

दिग्रसला बशीर मिस्त्रीच्या दुकानात रविवारी दुपारी पत्र्याच्या झाकणात एक पेच उरला, आणि तिथून सगळं बिनसलं.

पेच उरणं म्हणजे काय, हे मिस्त्री लोकांनाच विचारावं. वस्तूचे पेच ज्या क्रमानं सुटले त्या क्रमानं झाकणात ठेवायचे, उलट्या क्रमानं लावत यायचे आणि शेवटी झाकण रिकामं झालं पाहिजे, ही त्या दुकानाची रीत. बशीरनं ती आपल्या दहा वर्षांच्या रौशनला शिकवली होती. पोरीला प्रत्येक वस्तूच्या पोटात काय आहे ते बघायचं असे. दोन घड्याळं तिनं कायमची बंद पाडली, पण बशीर रागावला नाही. "चुकलं त चुकलं," तो म्हणायचा. "खोल, पाह्य, अन् पुन्हा लाव." त्याच्या वडिलांनी अशाच एका पेचापायी त्याच्या पाठीत पान्हा घातला होता. लेकीला त्याला असं काही द्यायचं नव्हतं.

पण दुकान थोरल्या भावाच्या, जलालभाईंच्या नावावर होतं, आणि ते नेमके समोरच्या बाकावर बसलेले.

"हा पेच कायचा उरला?"

"बडे अब्बा, हा त..." रौशननं तोंड उघडलं.

"तू चूप! बशीर, किती खेपा सांगतलं तुले, पोरीच्या हातात पेचकस कायले देतं? आता ऐकून घे. आजच्या सामानात खोट निघाली, त ज्याच्या हातून चूक झाली त्यानं उद्यापासून या दुकानात पाय ठेवाचा नाही. बस्स!"

रौशननं पेचकस खाली ठेवला. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती झाकणाकडं बघत राहिली.

त्या दिवशी तिच्या हातून तीन वस्तू गेल्या होत्या. पुंडलिकरावांची गॅसबत्ती, पूनमसिंगची सायकल आणि विमलताईंचं शिलाई मशीन. तक्रार यायच्या आत आपणच पाहून यावं, असं बशीरनं ठरवलं. भल्या माणसाला अशाच वेळी नको ती अक्कल सुचते.

गॅसबत्ती भडकली तर घर जाईल, म्हणून तो आधी पुंडलिकरावांकडं पळाला. बत्ती खोलली, पाहिली, पुन्हा लावली. सगळे पेच जागेवर.

"काहून रे, काही गडबड हाय काय?"

"नाही जी. सहज पाह्यतो."

"सहज पाहाले कोणी पळत येते काय?" पुंडलिकरावांनी बत्ती उचलून अंगणाच्या पार टोकाला नेऊन ठेवली.

पूनमसिंग सायकलवरून तांड्याकडं निघाला होता. बशीर "थांब, थांब" ओरडत मागं धावला. घरी काही वाईट झालं असं वाटून पूनमसिंगनं कचकन ब्रेक दाबला आणि तो चिखलात आडवा झाला. ब्रेक उत्तम लागत होता. सायकलीचेही सगळे पेच जागेवर होते.

"मंग मले पाडलं कायले, बाप्पा?" पूनमसिंग म्हणाला, आणि जाब विचारायला तोही मागोमाग आला.

बशीर परतला तेव्हा दुकानापुढं ही गर्दी! मिस्त्री केलेली कामं पुन्हा तपासत फिरतोय, असं पुंडलिकराव सगळ्यांना सांगून मोकळे झाले होते. कोणी स्टोव्ह आणलेला, कोणी कुलूप, एक म्हातारा तर अडकित्ता घेऊन उभा. "आमचंई पाहून घ्या, मिस्त्री." जलालभाई येईल त्याला आपला हुकूम ऐकवत होते.

तेवढ्यात विमलताई आल्या. हातात शाळेचा पांढरा सदरा.

"बशीरभाई, काय केलं तुमी माह्या मशीनले?"

"निघाली खोट!" जलालभाई उठून उभे राहिले.

"खोट? अवो, वरीसभर खडखड करून राह्यलं होतं. हे बशीरभाईच म्हणत, जुनं झालं, असंच चालन. आज आवाजच नाही! दोन सदरे झाले माहे. पंधरा ऑगस्टच्या आत सगळे होतात आता."

रौशन हळूच म्हणाली, "हा पेच मशीनच्या पोटात अडकला होता, अब्बा. मी तेच सांगून राह्यली होती."

बशीरनं पेच उचलून नीट पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. मागच्या पावसाळ्यात मशीनला तेल देताना एक पेच त्याच्या हातून निसटला होता. सापडला नाही, म्हणून त्यानं डब्यातला दुसरा ठोकून बसवला होता. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गप्प राहिला असता तरी चाललं असतं. पण लेक त्याच्याकडं बघत होती.

"भाईजान," तो म्हणाला, "चूक माह्या हातची हाय. एक वर्षाआधीची."

कुलूपवाला, स्टोव्हवाला, सगळे जलालभाईंकडं बघू लागले. त्यांनी दिलेला हुकूम एव्हाना रांगेत सगळ्यांना पाठ झाला होता. जलालभाईंनी घसा खाकरला आणि दूरच्या कापसाच्या जिनिंगच्या धुराड्याकडं पाहिलं.

रौशननं बापाच्या हातात पेचकस दिला. "चुकलं त चुकलं, अब्बा. खोला, पाहा, अन् पुन्हा लावा."

बशीरचे डोळे भरून आले. त्यानं ते बाहीनं पुसले.

शेवटी जलालभाई म्हणाले, "मंग... उद्या दुकान कधी उघडतं, बशीर?"

"मले काय विचारता, भाईजान? मले त उद्यापासून पाय ठेवाचा नाही. तिले विचारा."

जलालभाईंनी रौशनकडं पाहिलं. ती कुलूपवाल्याचं कुलूप घेऊन कधीच बसली होती.

"शाळा सुटल्यावर," ती मान वर न करता म्हणाली.