नमुना क्रमांक बारा

"आज दिवा मिळाल्याशिवाय या घरात पाय ठेवणार नाही!" खड्डेमामांनी सायकलची घंटी दोनदा वाजवून जाहीर केलं.

"बरं," बायको म्हणाली. "मग अंथरूण पायरीवर टाकून ठेवते. उशी लागेल का?"

खड्डेमामा हे काही त्यांचं जन्मनाव नव्हे. पाणी सोडायचं आणि पाणी बंद करायचं, हे त्यांचं काम. साडेतीन फुटी लोखंडी चावी सायकलच्या दांड्याला बांधून ते बावीस वर्षं फिरत होते. दुपारी चारला खालच्या भागाचा व्हॉल्व्ह उघडायचा, सहाला तो बंद करायचा, मग चढ चढून वरच्या भागाचा उघडायचा. थंडीत सहालाच मिट्ट काळोख! आणि खालच्या व्हॉल्व्हजवळ एक खड्डा. खणला कोणी? पाणीपुरवठा कार्यालयानेच. बुजवायचा कोणी? त्यावर पत्रव्यवहार चालू होता. गेल्या थंडीत मामा त्यात पडले तेव्हा लोक हळहळले. या थंडीत पुन्हा पडले तेव्हा लोकांनी नाव ठेवलं.

सायकलला दिवा द्या, असा अर्ज करून चौदा महिने झाले होते. बायको म्हणायची, दुकानात जा, एक एलईडी दिवा घ्या, लावा आणि गप्प बसा. पण मामा गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. 'कामाच्या सायकलला कामाचाच दिवा!' असं त्यांनी अर्जात लिहिलं होतं, खाली दोन रेघा मारून. "आज दिवा मी आणला, तर उद्या म्हणतील पाणीही घरूनच आणा!"

बरोबरच बोलत होते. बरोबर बोलणारी माणसंच खड्ड्यात पडतात. चुकीचं बोलणाऱ्यांना गाडी मिळते.

तर, चौदा महिन्यांनी साहेबांना पाझर फुटला आणि त्यांनी दिवा निवड समिती नेमली. एक सायकल, एक दिवा, आणि समितीत तीन माणसं! स्वतः साहेब, हेडक्लार्क आणि स्टोअरच्या बाई. चौथे मामा, 'वापरकर्ता प्रतिनिधी' म्हणून. म्हणजे बोलायचं नाही, फक्त सही करायची.

अकरा कंपन्यांनी अकरा दिवे नमुन्यादाखल पाठवले होते. महिनाभर ते स्टोअरच्या कपाटात सीलबंद पडून होते. आज संध्याकाळी पाच वाजता त्यांचा निकाल लागायचा होता.

"दिवा कधी उजेडात तपासतात का?" साहेबांनी सुरुवातीलाच सगळ्यांची अक्कल काढली. "अंधार पाहिजे. संपूर्ण अंधार!"

अख्ख्या कार्यालयात तसा अंधार एकाच ठिकाणी होता. रेकॉर्ड रूम. तिला खिडकी नव्हती. लोकांचे पंधरा वर्षांचे अर्ज तिथे ठेवले होते, त्यांना उजेड कशाला दाखवायचा?

"फोन सगळे बाहेर, ट्रेमध्ये," साहेब म्हणाले. "आतली बातमी कंपन्यांना कळता कामा नये. माझाही घ्या. आणि ट्रेला कोणी हात लावायचा नाही. नियम म्हणजे नियम!" मग ते शिपायाकडे वळले. "तू बाहेरून कुलूप लाव. आतल्या दिव्याचं बटण बाहेर आहे, तेही बंद कर. कंपन्यांची माणसं येऊन धडका मारतील. कोणी कितीही ठोठावलं तरी दार उघडायचं नाही. आमचं झालं की मी तुला फोन करीन."

"तुमचा फोन आल्याशिवाय उघडायचं नाही," शिपाई म्हणाला.

"शाबास!"

ही चूक तुमच्या आधीच लक्षात आली असेल. तुम्ही समितीवर नाही ना, म्हणून.

"साहेब, सहाला व्हॉल्व्ह बंद करायचाय," मामा म्हणाले. लोखंडी चावी त्यांनी काठीसारखी धरली होती. अंगणात ठेवली तर भंगारवाला नेईल, म्हणून ते ती कायम बरोबर घेऊन फिरायचे.

"अहो मामा, अर्ध्या तासाचं काम! आणि मला सांगा, तुम्हाला दिव्याला मोड किती पाहिजेत? हा पाच मोडचा आहे, तो सात मोडचा. मिचकतो काय, धावतो काय..."

"मला एकच मोड पाहिजे, साहेब. चालू."

हेडक्लार्क हसले. साहेब हसले नाहीत, म्हणून हेडक्लार्कनी हसू परत घेतलं.

"उजेड वीस पावलांवर जमिनीवर पडावा," मामांनी संधी साधली. "समोरच्याच्या डोळ्यांत नको. वरून पाणी उडालं तर विझू नये. आणि मागे एक लाल पाहिजे. एवढंच."

"ते तांत्रिक मुद्दे आहेत," साहेब म्हणाले. "ते समिती बघेल."

बाहेर कुलूप लागलं. बटण खटकलं. आणि असा अंधार पडला की हेडक्लार्कना स्वतःचा हात सापडेना आणि बाईंना दुसऱ्याचाच सापडला.

"माझा हात आहे तो, बाई," मामा म्हणाले.

"मग आधी सांगायचं ना!"

पहिलं पाकीट टरकन फाटलं. साहेबांनी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही.

"नमुना क्रमांक एक, प्रकाश मंद," साहेब म्हणाले. "लिहा."

"कशावर लिहू, साहेब? कागदच दिसत नाही," हेडक्लार्क म्हणाले.

"लक्षात ठेवा!"

दुसरा दाबला. तिसरा दाबला. चौथा, पाचवा, सहावा. मेलेल्या माशांसारखे सगळे गार! सातवा एकदा लाल मिचकला आणि गेला. त्या एका मिचकण्यात मामांना दिसलं की साहेब तोंड उघडं टाकून भिंतीशी बोलतायत.

"बाई," मामा म्हणाले, "हे दिवे चार्ज कोणी केले?"

"चार्ज? नमुन्याला हात लावायचा नाही असा नियम आहे. सील फोडल्याशिवाय चार्ज कसा करणार? आणि समिती बसल्याशिवाय सील कसं फोडणार?"

"म्हणजे चार्ज न केलेले अकरा दिवे घेऊन आपण चौघं अंधारात बसलोय?"

अंधारात एकेकाची अक्कल खाली बसल्याचा आवाज येत होता, तेवढाच.

पण साहेब असे हार मानणारे नव्हते. "वजन आणि हाताळणी यांना चाळीस गुण आहेत," ते म्हणाले. "ते अंधारातही देता येतील. द्या इकडे. हा... गुळगुळीत आहे. मजबूत आहे. पकड उत्तम! तीस गुण."

"साहेब, ते माझं चष्म्याचं घर आहे," हेडक्लार्क म्हणाले.

शेवटी हाताळणीत तीन दिवे सारखे आले आणि प्रकाशात अकराच्या अकरा सारखे आले. शून्य! साहेबांनी सभा आटोपती घेतली. खिशात हात घातला. दुसऱ्या खिशात घातला. मग शर्टाचा खिसा चाचपला.

"माझा फोन कुठे आहे?"

"ट्रेमध्ये," बाई म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम."

मामांनी सरळ दारावर चावी हाणली. धडाम्! "अरे, उघड!"

"साहेबांचा फोन आल्याशिवाय नाही!" बाहेरून शिपाई म्हणाला.

"मूर्खा, मी साहेबच बोलतोय!"

"आवाज तुमचाच आहे साहेब, पण कोणी कितीही ठोठावलं तरी उघडायचं नाही, असं म्हणालात. मागे एकदा मी स्वतःच्या डोक्याने दार उघडलं, तर तुम्ही मला मेमो दिलात. 'यापुढे स्वतःचं डोकं चालवू नये.' खिशातच आहे, वाचून दाखवू?"

"अरे, माझा फोन तुझ्यासमोर आहे! मी करू कसा?"

"हो ना, इथेच आहे. वाजतोय मघापासून. घरून आहे. 'मॅडम' लिहिलंय."

"उचल मग!"

"ट्रेला हात लावायचा नाही, असंही म्हणालात."

मामांना हसू येत होतं आणि रडूही. कारण सहा वाजत आले होते. खालच्या भागात कोणी नळ बंद करायचा नाही, ही तिथली जुनी रीत. पाणी आलं की नळ सोडायचा आणि मामा व्हॉल्व्ह बंद करतील तेव्हा तो आपोआप थांबायचा. नळ म्हणजे मामाच! साहेबांचा नवा बंगला त्याच भागात होता. सगळ्यांत खाली.

"साहेब, सरका," मामा म्हणाले. "तीन घावांत दार पाडतो."

"थांबा!" हेडक्लार्क ओरडले. "दार कार्यालयाची मालमत्ता आहे. पाडायला मंजुरी लागते."

"मग द्या मंजुरी! साहेब आहेत की इथे!"

"तोंडी देऊ?" साहेब दचकले. "उद्या चौकशी झाली तर? लेखी पाहिजे."

"आणि लेखी लिहायला उजेड पाहिजे," बाई म्हणाल्या.

मामांनी चावी जमिनीवर टेकवली. चौदा महिने आपल्या अर्जाचं काय होत होतं, ते त्यांना त्या अंधारात पहिल्यांदा लख्ख दिसलं!

सहाच्या ठोक्याला बाहेरून आवाज आला. "साहेब, माझी वेळ संपली. कुलपाची चावी ट्रेशेजारी ठेवतो. मेन स्विच बंद केलाय, नियमाप्रमाणे. रखवालदार आठला येईल. फोन केलात तर मी घरी आहेच."

पावलं लांब गेली. फोन वाजत राहिला.

इकडे वरच्या भागात सव्वासहा झाले, साडेसहा झाले, नळ नुसते फुसफुसत होते. पाणी नाही म्हटल्यावर लोक कोणाच्या दारात जाणार? पाणी सोडणाऱ्याच्या! आणि मामांचं घर त्याच भागात. पंचवीस-तीस बायका रिकाम्या बादल्या घेऊन पायरीवर उभ्या राहिल्या. तिथे अंथरूण होतं, उशी होती, मामा नव्हते.

"काय गं, नवऱ्याला घराबाहेर काढलंस की काय?" शेजारीण म्हणाली. "भांडण तुमचं आणि तहान आमची?"

मामांच्या बायकोने कपाळाला हात लावला. "पडले असतील पुन्हा!" तिने फळीवरचा डबा काढला. डब्याच्या तळाशी, जुन्या मफलरात गुंडाळलेला, एक एलईडी दिवा होता. सहा महिन्यांपूर्वी तिने गुपचूप आणलेला. नवऱ्याचं तत्त्व मोडायला नको म्हणून लावला नाही, आणि नवरा मोडायला नको म्हणून दर रविवारी चार्ज करून ठेवत होती.

खड्ड्यात आधी बघितलं. रिकामा! पुढे कार्यालयाच्या अंगणात मामांची सायकल दिसली. बादल्या खडखडत सगळी फौज जिना चढली.

आत साहेब अकराव्यांदा म्हणत होते, "आठला रखवालदार येईल," तोच दाराखालून उजेडाची पांढरी पट्टी आत सरकली. कुलूप निघालं. दारात दिवा, दिव्यामागे मामांची बायको.

"अहो! इथे काय करताय?"

"दिवा निवडतोय," मामा म्हणाले.

तीस बायका हसल्या, बादल्यांसकट.

मामांनी मात्र तिच्या हातातला दिवा घेतला आणि ते भानच विसरले. खरंच, ते बोलले होते ते सगळं त्या दिव्यात होतं! त्यांनी तो साहेबांसमोर धरला. "हा बघा साहेब! वीस पावलांवर, जमिनीवर! डोळ्यांत नाही! पाणी टाका." शेजारणीच्या बादलीच्या तळाशी चूळभर पाणी होतं, तेही त्यांनी वर ओतलं. "विझला? नाही विझला! मागे लाल! असा दिवा पाहिजे, असा!"

चौदा महिन्यांत पहिल्यांदाच समिती मामांचं ऐकत होती. साहेबांनी दिवा हातात घेतला. उलटा केला. सुलटा केला. "उत्कृष्ट," ते म्हणाले. "बाई!"

बाईंचे हात सवयीनेच चालले. दिवा पाकिटात गेला, वर चिकटपट्टी बसली, हेडक्लार्कनी कुठून तरी येणाऱ्या उजेडात सही ठोकली. "नमुना क्रमांक बारा," ते म्हणाले आणि ट्रेमधला आपला फोन उचलून घरी पळाले.

सहीला मिळालेला उजेड पाकिटातूनच येत होता. बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मग साहेबांनी सतराव्यांदा वाजणारा स्वतःचा फोन उचलला. पलीकडचं बोलणं जिन्यापर्यंत ऐकू गेलं. "गालिचा तरंगतोय! सोफा दाराशी आलाय! कुठे मेलात?"

"मामा, पळा!" साहेब किंचाळले. "व्हॉल्व्ह! आधी व्हॉल्व्ह!"

"पळतो. दिवा द्या."

"तो सील झालाय."

"फोडा सील!"

"चारही सदस्य हजर पाहिजेत," बाई हळूच म्हणाल्या. "हेडक्लार्क गेले."

"अहो, पण तो माझा दिवा आहे!" मामांची बायको कडाडली. "माझ्या घरचा!"

"म्हणूनच तर देता येत नाही," साहेब म्हणाले, आणि अंधारातसुद्धा त्यांना पाठ असलेलं ते एकच वाक्य त्यांनी म्हणून दाखवलं. "'कामाच्या सायकलला कामाचाच दिवा!' खाली दोन रेघा तुम्हीच मारल्यात ना, मामा?"

मामांनी बायकोकडे बघितलं. बायकोने पाकिटाकडे बघितलं. पाकीट आतून छान उजळलं होतं.

"उशी पायरीवरच आहे," ती म्हणाली.

मामा जिना उतरले. त्यांनी चावी दांड्याला बांधली, टांग मारली आणि तीस बायकांची तहान पाठीवर घेऊन काळोखात सुसाट सुटले. उतारावर तर त्यांनी पायडल मारणंही सोडलं. मागून बादल्यांचा खडखडाट येत होता आणि त्या खडखडाटावर चढलेला बायकोचा आवाज.

"अहो, खड्डा! जपून, पुढे खड्डा आहे!"

"माहीत आहे!" मामा ओरडले.

आवाज खालून आला.