टॉरसन यांच्या सबवूफरची जागानिश्चिती

माणसाची पारख त्याच्या तळघरात होते. वर दिवाणखान्यात काय, कोणीही सभ्य दिसतो. हे ओळखूनच आयोवा राज्यातल्या आमच्या गावात तळघर-नाद शिस्त मंडळ स्थापन झालं, आणि गेली नऊ वर्षं मी त्याचा चिटणीस आहे. सभासद सात. (आठवे होते. त्यांनी घर बदललं, आणि नव्या घराला तळघरच नाही. आम्ही त्यांचं नाव काढत नाही.)

मंडळाचं काम एकच: सभासदाच्या घरगुती सिनेमाघरात सबवूफर योग्य जागी बसवून देणं. सबवूफर म्हणजे फ्रिजच्या निम्म्या उंचीचा काळा खोका. तो कानाला कमी आणि पोटाला जास्त ऐकू येतो. तो वाट्टेल तिथे ठेवून भागत नाही. एका कोपऱ्यात ठेवला तर खोली घुमते, दुसऱ्यात ठेवला तर सोफ्यावरच्या माणसापर्यंत काही म्हणता काही पोचत नाही. जागा शोधायची रीत अशी: खोकाच उचलून सोफ्यावर, आपल्या बसायच्या जागी ठेवायचा. त्यातून धुमधुम आवाज सोडायचा, आणि आपण खोलीभर रांगायचं. रांगताना जिथे आवाज सर्वात गोड लागेल ती खोक्याची जागा. मग खोका तिथे, आपण सोफ्यावर, आणि तोच गोडवा आपल्याला सोफ्यावर मिळतो. हे शास्त्र आहे. सत्तावन्न किलोंचा खोका सोफ्यावर आणि धान्यकोठाराचा व्यवस्थापक जमिनीवर, यात हसण्यासारखं काही नाही.

हे व्यवस्थापक म्हणजे आमचे सभासद वेंडेल टॉरसन. गावातलं थिएटर बंद पडलं, मुलं कॉलेजला गेली, तेव्हा त्यांची बायको जोलीन म्हणाली, “तळघर नीट करून घेऊ. शनिवारी दोघं बसून पिक्चर बघू.” कल्पना तिची होती, हे मी मुद्दाम नोंदवतो. आता ती तसं मान्य करत नाही.

अकरा महिने झाले. या काळात वेंडेलने वादळात सापडलेल्या एका बोटीचा पिक्चर तीनशे सोळा वेळा लावला. दर वेळी चारच मिनिटं, लाट येते तेवढी. नंतर तो पिक्चर थांबवून सोफ्यावरच्या मायक्रोफोनने मोजमाप घ्यायचा आणि कॉम्प्युटरवर रेघ बघायचा. रेघ सरळ आली म्हणजे सगळे सूर सारखे पोचले. वेंडेलच्या रेघेला बेचाळीस हर्ट्झपाशी, म्हणजे अगदी खालच्या सुराशी, खड्डा होता, आमच्या गावाबाहेरच्या रस्त्याला मार्चमध्ये पडतो तसा. रेघ सरळ होण्याआधी पिक्चर पुढे बघणं म्हणजे कणीक न मळता पोळ्या लाटणं, हे मंडळाचं अधिकृत मत आहे.

शिवाय खोक्यामुळे घरात काय काय खडखडतं त्याची यादी करून त्या वस्तू काढाव्या लागल्या. त्या अशा: जिन्याचा कठडा, जोलीनच्या आईच्या बश्या, बोलिंगचे दोन चषक, लग्नाचा फोटो (काच सैल), आणि मांजर. मांजर खडखडत नव्हतं, पण ते खोक्यावर बसायचं.

खोक्यामागे सूर जुळवायचं एक गोल बटण असतं. ते फिरवताना सोफ्यावर दुसरं माणूस लागतं. एका शनिवारी सकाळी मी हजर होतो.

“आता?” खोक्यामागून वेंडेल.

“तसंच,” सोफ्यावरून जोलीन.

“आता?”

“तसंच रे.”

“आता बघ हं. आता?”

“वेंडेल, तू बटण फिरवतोयस तरी का?”

“अगं, केव्हाचा! तुला फरकच कळत नाही म्हणजे कमाल आहे.”

“मला एवढंच कळतं की अकरा महिने झाले, आणि त्या बोटीवरचा कप्तान जगला की मेला ते मला ठाऊक नाही.” ती उठली. “हे बघ, शेवटचं सांगते. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आत एक पिक्चर. सुरुवातीपासून नावं येईपर्यंत. तू आणि मी, एका सोफ्यावर. नाही जमलं तर मी या तळघरात पुन्हा पाय ठेवणार नाही. मला तुझ्यासोबत बसायचंय रे, मोजमाप नाही व्हायचं!”

तिचे डोळे भरले होते. वेंडेलचा चेहराही पडला. त्याचं तिच्यावर प्रेम आहे, याबद्दल मंडळात दुमत नाही. म्हणूनच त्याने ठरवलं की तिला पिक्चर दाखवायचा तर निर्दोषच दाखवायचा, आणि तो पुन्हा रांगायला लागला.

तळघरात गोड जागा सापडेना. तेव्हा तो रांगत जिन्यावर गेला. जिन्यावर थोडं बरं होतं. स्वयंपाकघरात आणखी बरं. शास्त्र कुठे थांबायचं ते सांगत नाही, त्यामुळे तो मागच्या दाराने अंगणात उतरला, हिरवळ ओलांडली आणि शेजारच्या आयरीन मॅकब्राइड यांच्या तळघराच्या दारातून आत शिरला. तिथे, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी, तो गुडघ्यांवर थबकला. तोवर बाकीचं मंडळही जमलं होतं, त्यामुळे आम्ही सहाजण मागेमाग होतोच. (रांगत. नियम आहे.)

“इथे!” वेंडेल म्हणाला. “अरे, काय गोड लागतोय!”

आयरीनबाई एकोणऐंशीच्या. कानाला यंत्र लावूनही त्यांना जेमतेम ऐकू येतं. सात पुरुष तळघरात रांगताना बघून त्यांनी आधी कॉफीचं विचारलं. वेंडेलने ओरडून सगळं समजावलं. बाई म्हणाल्या, “ठेव की खोका! मघापासून पायांना काहीतरी जाणवतंय. मला वाटलं, मेले बिले की काय. पण छान वाटतंय बाळा.”

मंडळाने एकमताने ठराव केला. हिरवळीखालून तार टाकली. सोफ्यापर्यंत पुरेसा आवाज यावा म्हणून खोक्याचा आवाज शेवटच्या टोकापर्यंत चढवला. एवढ्या लांबून आवाज उशिरा पोचतो, म्हणून बाकीचे स्पीकर आणि पडद्यावरचं चित्रही तेवढंच उशिरा यावं अशी व्यवस्था केली. तांत्रिकदृष्ट्या वेंडेलच्या घरात तेव्हापासून सगळंच जरा उशिरा घडतं.

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी दुपारी एक वाजता टर्की ओव्हनमध्ये होती, आणि जोलीन भाजलेल्या बटाट्यांचं भांडं मांडीवर घेऊन सोफ्यावर बसली होती. निळा स्वेटर घातला होता, केस नीट केले होते. वेंडेल तिच्या शेजारी बसला, आणि मागे भिंतीपाशी आम्ही सहाजण. पिक्चर लावण्याआधी, केवळ खात्री म्हणून, त्याने एक मोजमाप घेतलं. रेघेत खड्डा! लहान, पण खड्डा.

आमच्या खजिनदारांनी निदान केलं: बसलेलं माणूस आवाज खातं. (हे काही शास्त्रज्ञ मानत नाहीत. ते मंडळाचे सभासद नाहीत.)

“जोलीन,” वेंडेल फार हळुवारपणे म्हणाला, “दोनच मिनिटं उठतेस?”

ती उठली. तो स्वतःही उठला. मोजमाप झालं. रेघ! टेबलाच्या कडेसारखी, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. आम्ही टाळ्या वाजवल्या. एकाला तर हुंदका आवरेना.

“झालं ना? बसू आता?” जोलीनने विचारलं.

“अगं थांब ना जरा. बघ तरी, कशी सरळ आलीय!”

तिने रेघेकडे पाहिलं. मग आमच्याकडे, एकेकाकडे पाहिलं. भांडं उचललं आणि जिना चढून गेली. वेंडेलने पिक्चर सुरू केला. सोफ्यावर कोणीच बसलं नाही, रेघ बिघडली असती. आम्ही सगळे भिंतीला टेकून कॉम्प्युटरकडे बघत उभे राहिलो.

पावणेचारला नोंद घेण्यासाठी मी आयरीनबाईंकडे गेलो. जोलीनने त्यांच्या छोट्या टीव्हीवर लावलेला तोच पिक्चर नुकताच संपला होता, नावं वर सरकत होती. ती आणि बाई एका शालीत बसल्या होत्या, पाय खोक्यावर, खोक्यावरच बटाट्यांचं रिकामं भांडं. दोघींचे डोळे लाल.

“कप्तानाचं काय झालं?” मी विचारलं. (चिटणीस म्हणून नव्हे. मलाही ठाऊक नव्हतं.)

“बघा की तुम्हीच,” जोलीन म्हणाली. “सातजण आहात.”

मी परत गेलो. वेंडेलने विचारलं, “तिकडे किती डेसिबल येतंय?” मी आकडा सांगितला. तो त्याने लिहून घेतला. मग, वहीतून मान वर न काढता, म्हणाला, “येतेय का ती?”

“दिसत नाही. तिने पिक्चर तिकडेच बघितला.”

तो पेन्सिलीशी चाळा करत बसला. “पण रेघ सरळ आहे,” तो म्हणाला. “आहे ना?”

आहे, असं आम्ही त्याला लेखी दिलं. त्याच बैठकीत एक कायमचा ठरावही झाला: अचूक मोजमाप हवं असेल तर शेजारची जागा रिकामी ठेवावी. हा ठराव केवळ सभासदांपुरता नाही. तुम्ही हे वाचत असताना तुमच्या शेजारची जागा रिकामी असेल आणि घरातलं माणूस पलीकडच्या खोलीत असेल, तर मंडळातर्फे आपलं हार्दिक अभिनंदन.