झिपरीचं पाणी आणि जंगलाचं स्वातंत्र्य

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. उत्तरेकडच्या एका जंगलात, जिथं सहा महिने बर्फ पडतो आणि उरलेले सहा महिने बर्फाबद्दल बोलतात, तिथली ही गोष्ट.

त्या जंगलात एक सपाट कातळ होता. कातळावर उभं राहून कुणीही काहीही बोलावं, आणि बोलणाऱ्याला कुणी चावू नये, असा तिथला कायदा होता. हा कायदा काही आकाशातून पडला नव्हता. एके काळी 'आपला राजा हा काही सूर्याचा मुलगा नाही' असं म्हटल्याबद्दल त्याच जंगलात एका घुबडाची सगळी पिसं उपटली होती. त्यानंतर बरीच वर्षं भांडून हा कायदा झाला. म्हणून दर वसंतात कातळाचा उत्सव होई. आपण किती मोकळेपणानं बोलतो यावर भाषणं होत. कुणी काय बोलायचं ते तीन महिने आधी ठरलेलं असे.

अशा या जंगलात दक्षिणेकडून शेळ्यांचा एक कळप आला. त्यांच्या मुलखातलं पाणी आटलं होतं. राजा अस्वलराव म्हणाले, "राहा." आणि एक पाणवठा त्यांना दिला. शेळ्यांनी वाटांवरची काटेरी झुडपं खाऊन साफ केली. ते काम तिथं दुसरं कुणी करत नव्हतं.

कळपाचे वडीलधारे होते बोकडोबा. लांब दाढी, संथ आवाज. पूर्वजांची सगळी वचनं त्यांना तोंडपाठ. त्यातलं एक वचन असं होतं की पाण्यावर आधी बोकडांनी जावं, मग करडांनी आणि शेवटी शेळ्यांनी.

याच कळपात झिपरी नावाची शेळी होती. तीही पूर्वजांना मानायची. संध्याकाळी करडांना वचनं शिकवायची तीच. पण हिवाळा आला आणि तिच्या लक्षात एक गोष्ट आली. दुपारी ऊन पडलं की पाणवठ्यावरचा बर्फ घटकाभर वितळे. बोकड पीत. करडं पीत. शेळ्यांची पाळी येईपर्यंत पाणी पुन्हा गोठलेलं असे. शेळ्या बर्फ चाटत. झिपरीच्या धाकट्या बहिणीची, भुरीची, जीभ सोलून निघाली होती. तिला पालाही चावता येईना.

झिपरी बोकडोबांकडे गेली.

"बाबाजी, आपल्या मुलखात पाण्यात मगरी होत्या. म्हणून धोका पत्करायला बोकड पुढं जात. इथं मगर नाही. इथं थंडी आहे. आता आम्हाला आधी पिऊ द्या."

"बेटी, वचनात मगरीचा उल्लेख नाही," बोकडोबा म्हणाले.

"पण माझ्या आजीला आठवत होतं."

"आजीचं आठवणं म्हणजे वचन नव्हे."

झिपरी तिथून निघाली ती थेट कातळावर गेली. तिनं भरल्या सभेत आपलं म्हणणं मांडलं. भुरीची जीभ कशी झालीय तेही सांगितलं. आणि उतरता उतरता तिच्या तोंडून एक वाक्य निसटलं.

"या पाण्यात उद्या मगर आली ना, तर आधी शेळ्यांनी प्यावं असंही वचन बोकडोबांना लगेच सापडेल!"

काही हसले. बस्स. बाकीचं भाषण जंगल त्याच क्षणी विसरलं.

"पूर्वजांचा अपमान झाला!" बोकडोबा गरजले. तरण्या बोकडांनी शिंगं परजली. दुसऱ्या दिवशी झिपरी बोरीच्या झुडपापाशी एकटी चरत असताना मागून कुणीतरी तिला जोरात धडक दिली. तिचं कपाळ फुटलं. कोण होतं ते कळलं नाही. म्हणजे सगळ्यांना कळलं, पण कुणी सांगितलं नाही.

भुरीनं तिची जखम चाटली. "ताई, कशाला बोललीस गं?"

"तुझ्या जिभेसाठी."

"मग आता गप्प बस. माझ्या जिभेसाठी."

झिपरी घाबरली होती. पण गप्प बसायला तिला वेळच मिळाला नाही, कारण पाहुणे यायला लागले.

पहिल्या आल्या राजहंसबाई. फार सुसंस्कृत. त्यांची मान इतकी लांब होती की त्यांना प्रत्येकाची बाजू दिसे.

"झिपरी, तुझं बरोबरच आहे. पण हे आत्ता, इथं, असं आणि तू बोलायला नको होतंस."

"मग कुणी बोलायचं?"

"एखाद्या तज्ज्ञानं. शेळ्यांच्या भावनांवर आमच्याकडे एक मोठे तज्ज्ञ आहेत."

"कोण?"

"एक पाणकोंबडा."

मग आले लांडगेराव. डोळ्यांत पाणी, तोंडालाही पाणी.

"ताई, आम्ही शेळीच्या स्वातंत्र्याचे पहिल्यापासून कैवारी. एकट्या शेळीच्या तर फारच! तू बोल. आम्ही तुझ्या पाठीशी. अगदी पाठीलाच."

आणि लांडग्यांनी मोर्चा काढला. पुढची घोषणा होती, 'झिपरीला बोलू द्या!' मागची घोषणा होती, 'सगळ्या शेळ्यांना हाकला!'

झिपरी धावत गेली. "अहो, मी पाणी मागितलं होतं. हकालपट्टी नव्हे!"

"तू बोललीस, आम्ही अर्थ लावला," लांडगेराव म्हणाले. "यालाच तर स्वातंत्र्य म्हणतात."

लांडगे पाहून बोकड चिडले. बोकड पाहून लांडगे खूश झाले. राजहंसबाईंनी दोघांनाही शांततेचं निवेदन वाचून दाखवलं, ते दोघांनीही ऐकलं नाही. अखेर अस्वलरावांनी निकाल दिला. बोलण्याचं स्वातंत्र्य पवित्र आहे, म्हणून त्याला धक्का लागू नये यासाठी कातळाभोवती कुंपण घालावं आणि त्यावर कुणी चढू नये. धैर्याबद्दल झिपरीला मानाचा हार द्यावा. सुरक्षेच्या कारणास्तव तिनं समारंभाला येऊ नये.

मग झिपरीनं बोलायला हवं होतं की नाही, यावर कुंपणाबाहेर चर्चा सुरू झाली. सगळे बोकड तिथं. सगळे लांडगे तिथं. राजहंसबाई अध्यक्ष. रोज दुपारी, ऊन पडलं की.

तिसऱ्या दिवशी भुरी हळूच म्हणाली, "ताई, पाणवठ्यावर कुणीच नाही."

झिपरीनं बाकीच्या शेळ्यांकडे पाहिलं. कुणी नजर चुकवली. कुणी वचन पुटपुटलं. मग एक म्हातारी शेळी उठली आणि चालू लागली. तिच्यामागं सगळ्या गेल्या. भुरीनं पाण्याला तोंड लावलं आणि कितीतरी वेळ वर काढलंच नाही. झिपरी पीत असताना दोघी-दोघी आळीपाळीनं तिच्या मागं उभ्या राहायच्या, शिंगं बाहेरच्या बाजूला करून. असं हिवाळाभर चाललं.

बर्फ वितळला तरी चर्चा संपली नव्हती. एकदा झिपरी तिथून चालली होती. तिनं कुंपणापाशी थांबून विचारलं, "मी दोन शब्द बोलू का?"

राजहंसबाईंनी यादी पाहिली. "विषय काय?"

"झिपरी."

"अगं, त्या विषयावरचे सगळे वक्ते आधीच ठरलेत."

"बरं," झिपरी म्हणाली, आणि पाण्यावर गेली.

तात्पर्य: बोलण्याचं स्वातंत्र्य फार मोलाचं असतं. त्यावर मोठ्या मंडळींना भांडत बसवावं, म्हणजे आपल्याला निवांत पाणी पिता येतं.