झाकण ठेवलंस का?

सुनेला झाकण ठेवायची सवय नव्हती. दूध उघडं, भात उघडा, लोणच्याची बरणीसुद्धा उघडी. सासूबाई दिवसभर तिच्यामागे झाकणं घेऊन फिरत. "एवढी शिकलेली, पण साधं भांडं झाकता येत नाही," असं त्या भिंतीला ऐकवत.

सून प्रयोगशाळेत यीस्टवर संशोधन करायची. यीस्टच्या पेशी भारी शिस्तीच्या. अतिनील दिव्याखाली त्यांचा डीएनए मोडला, की त्या आपलं वाढणं थांबवतात, आधी डागडुजी करतात आणि मगच एकीच्या दोन होतात. हे थांबणं शुक्रवारी समितीला दाखवलं, की प्रबंध लिहायला परवानगी. नाहीतर आणखी एक वर्ष घासायचं.

आणि नेमक्या याच आठवड्यात पेशी थांबेनात! सोमवारी नाही, मंगळवारी नाही. बुधवारी तिने दिव्याचा वेळ दुप्पट केला. पेशी ढिम्म. मजेत वाढत राहिल्या. सुनेला रडू यायचं बाकी होतं.

सरांना मात्र आनंद मावेना. "थांबतच नाहीत? अगं, मग हे नवीनच काहीतरी आहे!"

"सर, दिवा बिघडला असेल."

"दिवा मी स्वतः तपासलाय. ठणठणीत आहे. तू शुक्रवारी सगळ्यांसमोर करून दाखव."

गुरुवारपर्यंत सरांनी सगळ्या इमारतीत दवंडी पिटली.

शुक्रवारी अकरा वाजता समिती हजर झाली. सुनेने डिशची झाकणं काढली, डिश दिव्याच्या कपाटात मांडल्या आणि डोळ्यांवर लावायचा चष्मा आणायला शेजारच्या खोलीत गेली. तेवढ्यात सासूबाई आल्या. शेजारच्या दवाखान्यात गुडघ्याचा व्यायाम करून परतताना त्या सुनेचा घरी विसरलेला डबा रोज देऊन जात. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, कपाटात डोकावून पाहिलं आणि पटापट सगळ्या डिश झाकून टाकल्या.

"अहो! काय करताय?" सर ओरडले.

"झाकतेय. रोजच झाकते. ही कुठंही गेली तरी सगळं उघडंच टाकते. धूळ नाही का बसत?"

दारात चष्मा घेऊन उभी असलेली सून म्हणाली, "आई... रोज?"

"सोमवारपासून. तू चष्मा शोधायला गेलीस की."

सुनेला आठवलं. दिवा बंद करून डिश बाहेर काढताना झाकणं लावलेलीच असायची. तिला वाटायचं, आपणच लावली असतील. एवढ्या वर्षांनी आपल्याला सवय लागली, म्हणून ती मनातून खूशही झाली होती. झाकणं पारदर्शक असली, तरी त्यांच्या प्लास्टिकमधून अतिनील किरण जातच नव्हते. पेशी तीन दिवस आरामात छत्रीखाली बसल्या होत्या.

सर मटकन खुर्चीत बसले. समितीच्या अध्यक्षबाई मात्र हसू आवरत म्हणाल्या, "अर्ध्या डिश झाकलेल्याच राहू द्या. बाकीच्या उघडा."

तीन तासांनी सगळ्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. झाकलेल्या पेशींचा संसार जोरात चालला होता. उघड्या डिशमधल्या आई-पेशी मात्र अंगावर फुटलेली लेक-पेशी तशीच चिकटवून थांबलेल्या. एकही पुढे सरकत नव्हती.

"दोन्ही शेजारी शेजारी! इतका स्वच्छ पुरावा क्वचित बघायला मिळतो," अध्यक्षबाई म्हणाल्या. "लिहायला घे प्रबंध."

संध्याकाळी सून पाय पसरून सोफ्यावर पडली होती. ओट्यावर दूध उघडंच होतं. सासूबाईंनी सवयीने झाकण उचललं आणि त्यांचा हात मध्येच थांबला.

"अगं, झाकू ना हे? की प्रयोग आहे?"

उठायचा सुनेला भयंकर कंटाळा आला होता.

"प्रयोग आहे, आई."

सासूबाई झाकण छातीशी धरून दोन पावलं मागे सरल्या.